दोन सह्यांचं पुस्तक

महताब, आधी भांडण उरकून घेतो, मग काय रडायचं ते रडतो. तू होतास तेव्हाही आपला क्रम हाच होता. तुझा चाळीसावा अजून व्हायचाय, भाभी इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकात, पडद्याआड बसलीय, आणि मी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून तुला जाब विचारतोय. लोक म्हणतील, या मास्तराला काही जनाची लाज? नसू दे. गेलेल्या माणसाबद्दल गोडच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तुझ्याबरोबर पुस्तक काढलेलं नाही.

मी काढलं. 'करडू गड्ड्याला गेलं'. शब्द माझे, चित्रं तुझी. मैंदर्गीच्या बाजारात विकलेली आई शोधायला निघालेलं करडू सोलापूरला येतं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत हरवतं, आणि पाळण्याखाली आईला भेटतं. एवढीशी गोष्ट. पण त्यावरून आपण जितके भांडलो तितके सख्खे भाऊ वाटणीवरून भांडत नसतील. पहिलंच भांडण करडाच्या रंगावरून झालं. मी लिहिलं होतं पांढरंशुभ्र करडू, आणि तू काढून आणलंस काळं, पाठीवर ठिपके असलेलं. मी म्हटलं, अरे, वाचता येतं का तुला? तर तू थंडपणे म्हणालास, मास्तर, पांढऱ्या कागदावर पांढरं करडू कुणाच्या बापाला दिसणार आहे? मग मी मुकाट्यानं 'पांढरंशुभ्र' खोडून 'ठिपकेवालं' केलं. ते खोडताना तू गालातल्या गालात हसत होतास, हे मी विसरलेलो नाही.

तुझी माझी ओळख झाली ती तू शाळेची पाटी रंगवायला आलास तेव्हा. त्याआधी तुझी चित्रं मी रोज बघत होतो आणि ती तुझी आहेत हे मला माहीत नव्हतं. गिरणीच्या कापडाच्या थानांवर चिकटवतात ती रंगीत तिकिटं, मोराची, कमळाची, झोपाळ्यावरच्या बाईची, त्यातली निम्मी तू काढलेली. तिकिटावर गिरणीचं नाव, पेढीचं नाव, गावाचं नाव, आणि तुझं कुठेही नाही. मी विचारलं, तुला काही वाटत नाही? तू म्हणालास, कापड विकलं की तिकीट फाडून फेकतात, त्यावर नाव कशाला घालू? तू हे हसत म्हणालास, पण मला त्या हसण्याचा भरवसा वाटला नाही. ज्याला काहीच वाटत नाही असा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता तू म्हणशील, मास्तर, तुला भरवसा कुणाचा वाटतो? बरोबर आहे. तू मला संशयपिशाच्च म्हणायचास, वर्गातल्या पोरांसमोरसुद्धा. पण छापखानेवाल्या बंडोपंतांना तू ओळखत नव्हतास, मी ओळखत होतो. नव्या पेठेतल्या बोळात त्यांचा छापखाना. माणूस तोंडानं साखर, हातानं कात्री. पुस्तक छापायला टाकायचं, आणि आपल्याला मोजून दिलेल्या प्रतींखेरीज आणखी किती छापल्या हे त्यांचं त्यांना ठाऊक. म्हणून तर सगळे ग्रंथकर्ते पहिल्या पानावर छापून टाकतात की आमची सही नसलेली प्रत चोरीची समजावी. मी म्हटलं, आपणही छापू. तू म्हणालास, छाप, तुझी सही पुरे. मी म्हटलं, छान! उद्या तू म्हणशील, मास्तरानं माझ्या मागं परस्पर प्रती विकल्या. तू म्हणालास, मी नाही म्हणणार. मी म्हटलं, आज नाही म्हणणार, उद्या म्हणशील. शेवटी छापलं ते असं: ज्या प्रतीवर लेखक व चित्रकार या दोघांच्याही शाईच्या सह्या नसतील ती प्रत चोरीची समजावी. माझ्या माहितीत असं दोन सह्यांचं पुस्तक दुसरं नाही. बंडोपंत ते जुळवताना म्हणाले होते, मास्तर, हे पुस्तक आहे का गहाणखत?

रजिस्टर करतानाही मी छापखान्यात ठाण मांडून बसलो. पुस्तक छापलं की त्याच्या प्रती सरकारात पाठवाव्या लागतात, आणि सोबत लिहून द्यावं लागतं की लिहिणारा कोण, छापणारा कोण आणि हक्कांचा मालक कोण. ते लिहून पाठवणार बंडोपंत. मालकाच्या जागी ते हळूच स्वतःचं नाव घालतील अशी मला धास्ती. म्हणून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत मी लिहून घेतलं: मालक लेखक व चित्रकार, दोघे निम्मेनिम्मे. तू तेव्हा बाहेर पानाच्या ठेल्यावर उभा होतास. तुला आत ये म्हटलं तर म्हणालास, तू आहेस ना.

मग सह्यांचा कारभार सुरू झाला. मी माझी सही करून प्रतींचा गठ्ठा तुझ्याकडे द्यायचा, तू घरी न्यायचास, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या उर्दू सहीसकट परत आणायचास. उर्दू मला अक्षर येत नाही. मी म्हटलं, अरे, साऱ्या सोलापूरच्या दुकानांच्या नागरी पाट्या तू रंगवतोस, सही तेवढी नागरीत करायला काय होतं? त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, नागरी मी काढतो मास्तर, लिहीत नाही. बरं, निदान माझ्यासमोर तरी कर. तर म्हणे, तू समोर असलास की माझा हात आखडतो. ज्या माणसानं नाटक कंपनीचे पडदे शंभर माणसांच्या गर्दीत उभ्या शिडीवर रंगवले, त्याचा हात माझ्यासमोर आखडतो! मला तेव्हाच वास आला होता. मी तुझ्या सह्या खिडकीच्या काचेवर एकीवर एक धरून ताडून बघायचो. सगळ्या सारख्या. वळण तेच, नुक्ते तेच. मग माझा इलाज चालायचा नाही आणि मी गप्प बसायचो.

पुस्तक चाललं. माढ्याच्या शाळेनं बक्षीस समारंभाला घेतलं, बार्शीहून मागणी आली. माझ्याच वर्गातली पोरं मात्र त्याला महताबचाचाचं पुस्तक म्हणायची. मी एकदा चिडून विचारलं, अरे, लिहिलंय कुणी? एक कार्टं म्हणालं, मास्तर, पण करडू तर चाचानं केलंय की. हे मी तुला येऊन सांगितलं, तर तू डोळे पुसेपर्यंत हसलास. मला अजूनही वाटतं की पोरांना तूच फितवलं होतंस. ते पुस्तक माझं जास्त की तुझं, हा वाद आपण मिटवलाच नाही. आता मी एकटाच दोन्ही बाजूंनी बोलतोय.

मग तुझा ताप. आठवडाभरात तू ओळखू येईनासा झालास. मी शेवटचा आलो तेव्हा तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालास, मास्तर, ते पुस्तकाचं एक... मी म्हटलं, गप पड, पुस्तक काही पळून जात नाही, बरा झालास की बोलू. तू खूप वेळ माझ्याकडे बघत होतास. मग डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली.

तू गेल्यावर चारसहा दिवसांत बंडोपंत समाचाराला माझ्या घरी आले. तुझं गुणवर्णन केलं, माझ्या बायकोनं केलेला चहा प्याले, आणि मग हळूच विषय काढला. पुस्तकाच्या प्रती संपत आल्यात, दुसरी आवृत्ती काढू. पण मास्तर, चित्रांचं आता कसं? लाकडी ठसे माझ्याकडे आहेत. महताब मला म्हणाला होता, ठेवा तुमच्याकडेच, मला काय करायचेत. तेव्हा या खेपेला रजिस्टर करताना शब्द तुमचे आणि चित्रं माझी असं लिहून टाकू. गरीब बिचारा, त्याचं कोण आहे आता विचारायला?

मी कप खाली ठेवला. बंडोपंतांचा डाव मला कळत होता, पण मला लागलं ते दुसरंच. तू असं म्हणाला असशील हे मला अगदी खरं वाटलं. ठेवा तुमच्याकडेच, मला काय करायचेत, हे तुझंच बोलणं. तिकिटावर नाव न घालणारा माणूस ठसे सोडून देणार नाही कशावरून? आणि हे खरं असेल तर ते ठिपकेवालं करडू बंडोपंतांचं होणार होतं. उद्या त्यांनी ते कुणाच्याही पुस्तकात, कुठल्याही तेलाच्या बाटलीवर छापलं असतं, आणि तुझ्या घरात बसलेल्या बाईला त्यातलं काही मिळालं नसतं, नावसुद्धा नाही.

रात्रभर विचार करून मी एक मुद्दा काढला, आणि तो मला फार पक्का वाटला. तू आजारी पडेपर्यंत प्रत्येक प्रतीवर सही करत होतास. ज्यानं चित्रं देऊन टाकली तो सही कशाला करेल? सही आहे म्हणजे मालकी आहे. दुसऱ्या दिवशी मी माझी स्वतःची प्रत घेऊन छापखान्यात गेलो आणि बंडोपंतांसमोर आपटली. म्हटलं, ही बघा महताबची सही. आपला हक्क त्यानं मरेपर्यंत सोडला नव्हता.

बंडोपंतांनी चष्मा वर केला. मला हे माहीतच नव्हतं की उरसाच्या, कव्वालीच्या उर्दू जाहिराती छापून छापून त्या माणसाला ती लिपी वाचता येते. त्यांनी प्रत डोळ्यांजवळ धरली, मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर," ते म्हणाले, "यात महताब कुठं आहे? इथं जुलेखा लिहिलंय."

त्यांनी कपाटातून दुसरी प्रत काढली, तिसरी काढली. सगळीकडे जुलेखा. मग ते हसले. म्हणाले, तुमच्याच पानावर छापलंय, चित्रकाराची सही नसेल ती प्रत चोरीची. म्हणजे आजवर विकलेलं सगळं पुस्तक चोरीचं की हो! आणि ही जुलेखा कोण, ते बघा तुम्ही. कलावंत माणूस, नाटक कंपन्यांबरोबर हिंडलेला. आपण काय बोलायचं?

महताब, मी छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा तू समोर असतास तर मी तुला चपलेनं मारलं असतं. नव्या पेठेत दुकानं गिऱ्हाइकांनी भरली होती, ओळखीचे दोघंतिघं रामराम म्हणाले, मी कुणाला ओळख दिली नाही. कोण जुलेखा? हुबळीला पडदे रंगवायला गेलास आणि पाऊस संपेपर्यंत आला नाहीस, तिथली? मिरजेची? माझ्यासमोर हात आखडत होता तो यासाठी? तू गठ्ठा घरी नेतो म्हणायचास, तो कुणाच्या घरी नेत होतास? आणि मी मूर्ख काचेवर धरून ताडत बसलो की सगळ्या सह्या सारख्या आहेत म्हणून! सारख्या असणारच. तिच्याच होत्या. सगळ्यांत वाईट वाटलं ते भाभीसाठी. नवऱ्याची माती ओली आहे, आणि आपण जाऊन तिला हे सांगायचं? पण न सांगावं तर बंडोपंत चित्रं घशात घालणार. तुझ्या बोळाच्या तोंडाशी मी दोनदा परत फिरलो.

शेवटी गेलो. ओसरीवर भाभीचा भाऊ बसला होता. त्यानं मला आत घेतलं, चटई टाकली. पडद्याआडून भाभीनं विचारलं, मास्तर, जेवलात का? त्या एवढ्या प्रश्नानं माझा धीर सुटला. सरळ विचारायची हिंमत होईना. मी आडून आडून म्हटलं, भाभी, एक नाव विचारायचं होतं, महताबच्या ओळखीत जुलेखा म्हणून कुणी होतं का?

भाभीचा भाऊ माझ्याकडे असा बघू लागला, जणू मला भर उन्हात चक्कर आलीय.

"मास्तर," पडद्याआडून आवाज आला, "जुलेखा मीच की."

हस. हस पोट धरून. इतकी वर्षं तुझ्या घरी शीरखुर्मा प्यालो, तापात तिनं केलेला काढा प्यालो, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. भाभी म्हटलं की झालं. तूही घरात तिला कधी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. आमच्या घरी तरी काय वेगळं? माझ्या बायकोचं नाव तुला ठाऊक होतं का? वहिनी म्हणायचास आणि भाकरी मागायचास.

मग तिनं सगळं सांगितलं, मधेमधे तिच्या भावानं भर घातली. निकाह झाला तेव्हा तुझ्याकडे अंगावरचे कपडे सोडून काही नव्हतं. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायचं धन, बोलला गेला, तो नुसता बोललाच गेला. तुमच्यात बहुतेक घरी तसंच होतं, आणि मग नवरा मेला की त्याच्या मय्यतीशी बसवून बायकोकडून तो माफ करून घेतात. तू तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होतास, माफ करायची वेळ तुझ्यावर आणणार नाही. आणि ज्या दिवशी सरकारात पुस्तक गेल्याचं मी तुला सांगितलं, पुस्तकाचा निम्मा मालक तू झालास म्हणून पेढा दिला, त्याच दिवशी तू घरी जाऊन, भाभीचा भाऊ आणि मशिदीचे इमामसाहेब यांना साक्षीला बसवून, तो निम्मा हक्क मेहेर म्हणून तिला दिलास. म्हणालास, आजवर काढलं ते सगळं दुसऱ्याच्या नावावर गेलं, माझं म्हणावं असं हे पहिलंच, ते तुझं. चित्रं तिची झाली, मग सहीही तिचीच. तूच तिला टाक धरायला शिकवलास.

"मय्यतीला सगळ्या बाया म्हनल्या, मेहेर माफ केला म्हन," भाभी म्हणाली. "मी म्हनलं, माफ कशाचा करू? मला मिळालाय."

महताब, तू गेलास त्या दिवशी मी रडलो नव्हतो. लोकांची सरबराई करत हिंडत होतो. तुझ्या ओसरीवर, त्या चटईवर, तुझ्या मेव्हण्यासमोर मी पोरासारखा रडलो. त्यानं पाणी आणून दिलं. रडत असतानाही मी तुझ्यावर चिडलेलो होतो, हेही सांगून ठेवतो. इमामसाहेबांना माहीत, मेव्हण्याला माहीत, मला तेवढं नाही? ज्याच्याबरोबर पुस्तक काढलंस त्याला? तू बहुतेक घाबरलास. मी म्हटलं असतं, मला न विचारता निम्मं पुस्तक दिलंस कसं? म्हटलंच असतं. चार दिवस बोललोही नसतो. पण पाचव्या दिवशी आलो असतो की रे.

भाभीचा भाऊ आणि इमामसाहेब यांना घेऊन मी छापखान्यात गेलो. बंडोपंतांनी दोघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकदम साखरेसारखे झाले. ठसे काय, मी सांभाळायलाच ठेवले होते म्हणाले. नव्या आवृत्तीसाठी लिहून घेताना मात्र अडले. बाईमाणसाचं नाव सरकारात घालायचं? मी म्हटलं, निम्म्या मराठी पुस्तकांचे हक्क सौभाग्यवती अमकी आणि सौभाग्यवती तमकी यांच्या नावावर आहेत, ती तुम्हीच छापलीत, तेव्हा नाही अडलात ते? त्यांनी लिहिलं. चित्रकार महताब, चित्रांची मालकीण जुलेखाबी. मी याही खेपेला खांद्यावरून वाकून बघत होतो.

पण एक खरं सांग. ठसे ठेवा तुमच्याकडेच, असं तू त्यांना म्हणाला होतास का नव्हतास? भाभी म्हणते, शक्य नाही. मला तसं म्हणवत नाही. चित्रं तिची आणि लाकूड कुणाचंही, असला काहीतरी उफराटा हिशेब तू केला असशील, हे मला अजूनही वाटतं. याचं उत्तर तू तिकडे घेऊन गेलास, आणि तिकडे माझा काही वशिला नाही.

पहिल्या आवृत्तीचा शेवटचा गठ्ठा तुझ्या घरी पडून होता. तो तू आजारी पडायच्या आधी थेट छापखान्यातून नेला होतास, त्यावर ना माझी सही ना तिची. काल मी तो सोडवायला गेलो. शाई बरोबर नेली होती. गठ्ठा पडद्याशी सरकवला आणि म्हटलं, भाभी, तुम्ही सावकाश सह्या करून ठेवा, मी माझ्या मागाहून करीन.

गठ्ठा तसाच माझ्याकडे परत सरकला. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हटलं.

"नको मास्तर," भाभी म्हणाली. "आदी तुमी करा. हितंच बसून करा."

मी विचारलं, का? ती जरा घुटमळली. बाई खोटं बोलणारी नाही, त्यामुळे तिला जड गेलं असावं. "त्यांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "म्हनले, मास्तर मानूस सोन्यासारका हाय, पन आदी त्याची सही बघ, मग तुजी कर."

तू! मला संशयपिशाच्च म्हणणारा, छापखान्याबाहेर पान चघळत उभा राहणारा, तू आहेस ना म्हणणारा तू! इतकी वर्षं मला वाटत होतं की आपल्या दोघांत संशय घेणारा मी एकटाच आहे, आणि तू आपला साधाभोळा फकीर. मला इतका आनंद झाला की भाभीसमोर मोठ्यानं हसू आलं, आणि तिचा भाऊ ओसरीवरून धावत आला. तो मुकाट्यानं प्रती उलगडून देऊ लागला. मी मांडी घातली, टाक बुडवला, पहिल्या प्रतीवर माझी सही केली, फुंकर मारून वाळवली आणि पडद्याखालून आत सरकवली. भाभीनं ती ओढून घेतली. मग बराच वेळ आतून टाकाचा आवाज आला नाही. ताडून बघत असणार.